शास्त्रपाठाची शिदोरी

मराठी ख्रिस्ती घरांत रोजच्या शास्त्रपाठाची रीत जुनी आहे. पवित्र शास्त्रातला एखादा अध्याय वाचायचा, त्यावर घटकाभर मनन करायचे, प्रार्थना करायची आणि मग दिवसाच्या कामाला लागायचे. ही भक्तीची खासगी बाब समजली जाते, तिला इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. पण आत्म्याला रोज अन्न हवे असेल तर वाचणाऱ्याला अक्षरओळख हवी, हाती पुस्तक हवे, त्या पुस्तकाची भाषा समजायला हवी आणि दिवसातला थोडा वेळ आपल्या मालकीचा हवा. या गोष्टी कोणाला, कधी आणि कशा मिळाल्या, हे इतिहासालाच विचारावे लागते. पुणे जिल्ह्यापुरते बोलायचे तर निराधार बायकांपर्यंत त्या पोचल्या त्या वाटेवर लोणावळा हा महत्त्वाचा टप्पा होता, असे माझे म्हणणे आहे.

धर्माच्या अध्ययनाला पोटापाण्याची सोय लागते, हे लोणावळ्याच्या आसपासच्या मावळाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कार्ल्याच्या लेण्यातल्या एका शिलालेखात, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने वलुरक, म्हणजे कार्ल्याच्याच, लेण्यांत वर्षावास करणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक नावाचे गाव दिल्याची नोंद आहे. पावसाळाभर एका जागी बसून चिंतन करायचे, तर त्यामागे अख्ख्या गावाचे उत्पन्न उभे करावे लागले. लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावणारी इंद्रायणी पुढे देहू-आळंदीला जाते. तिथल्या वारकऱ्यांनी हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला. हरिपाठ कानाने ऐकायचा आणि तोंडाने म्हणायचा, त्यामुळे निरक्षर माणसाचाही नित्यनेम चुकत नाही. प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी आणलेली रीत मात्र प्रत्येकाने स्वतः, आपल्या डोळ्यांनी वाचावे असा आग्रह धरते. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात हा आग्रह फार महागडा होता, आणि बाईच्या बाबतीत तर जवळजवळ अशक्यच.

१८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी सुरू झाली आणि लोणावळ्याचे रूप पालटले. इंजिनांचा कारखाना आला, रेल्वेची शाळा आली, प्रोटेस्टंट आणि रोमन कॅथलिक प्रार्थनामंदिरे उभी राहिली. मुंबई आणि पुणे दोन्हीकडून गाडीने गाठता येणारे हे थंड, झाडीचे ठिकाण ख्रिस्ती शिबिरांना सोयीचे ठरले. मेथडिस्टांनी फैलावलेली ही शिबिरांची पद्धत मूळची अमेरिकेतली : काही दिवस एकत्र राहायचे, प्रवचने ऐकायची, प्रार्थना करायच्या. तेव्हा रोजच्या मननाची पुस्तकेही निघत होती. मुंबईत मिशनचा पगार सोडून बाजारवस्तीत राहणाऱ्या जॉर्ज बोवेन यांनी वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी लिहिलेली मनने १८६५ मध्ये प्रसिद्ध झाली होती. पण ती इंग्रजीत होती. तेव्हा पहिला आक्षेप इथेच येतो : हा सारा गोऱ्यांचा आणि इंग्रजी जाणणाऱ्यांचा मामला, त्याचा मराठी बाईशी संबंध काय? १८९६ पर्यंत या आक्षेपात पुष्कळ तथ्य होते.

त्या वर्षीच्या लोणावळ्याच्या शिबिराला पंडिता रमाबाई आल्या होत्या. एके दिवशी त्या पहाटे उठून रानात एकांताच्या जागी गेल्या आणि सूर्य उगवताना त्यांनी पाहिला. ही हकीकत त्यांनी स्वतःच आपल्या आत्मकथनात लिहून ठेवली आहे. ख्रिस्ताला मानणाऱ्या पंधरा मुली तोवर त्यांच्याजवळ होत्या. त्यांच्याबद्दल आभार मानून, पुढच्या शिबिराआधी या संख्येचा वर्ग व्हावा, म्हणजे दोनशे पंचवीस मुली मिळाव्यात, असे मागणे रमाबाईंनी देवापाशी केले. पहाटेची वेळ हा मला या प्रसंगाचा गाभा वाटतो. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, लोकांचा रोष पत्करून. त्या लक्ष्मीबाईंनी रमाबाईंना शिकवले ते पहाटे, घरकामाचा रगाडा सुरू होण्याआधी, कारण बाईला स्वतःचा म्हणावा असा वेळ तेवढाच असे. हे कुटुंब गावोगाव पुराण सांगून जगत होते. नित्य पठण ही गोष्ट रमाबाईंनी मिशनऱ्यांकडून घेतलेली नव्हती, ती त्यांची आईकडून आलेली मिळकत होती. बाप्तिस्म्यानंतर ग्रंथ बदलला, पहाट तीच राहिली.

लवकरच मध्य प्रांतात दुष्काळ पडला. १८७४ च्या सुमारास स्वतःचे आईवडील उपासमारीत गमावलेल्या रमाबाई तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवणे कठीण झाले, तेव्हा केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. इथे दुसरा आणि खरा जड आक्षेप उभा राहतो. उपाशी मुलीला घास देऊन तिच्या हाती बायबल देणे, याला तिची निवड कसे म्हणायचे? १८९३ मध्ये रमाबाईंच्याच पुण्यातल्या शारदा सदन या संस्थेत हाच वाद पेटला होता. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करत आणि मुली तिथे जाऊन बसत. त्यावरून रानडे आणि भांडारकर हे सुधारक संस्थेच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तो रोष केवळ सनातनी नव्हता. संस्था धर्मनिरपेक्ष राहील असे आश्वासन देऊन ती सुरू झाली होती, आणि ज्यांनी त्यावर विश्वास ठेवला त्यांना फसल्यासारखे वाटणे स्वाभाविक होते. केडगावच्या मुलींपुढे तर जायला दुसरे घरच नव्हते. हे मान्य केल्यावाचून पुढे जाता येत नाही.

तरीही पाठ करून घेणे आणि वाचायला शिकवणे यांत फरक आहे. पाठ करणारा सांगितले तेच म्हणतो. वाचायला आलेल्या माणसाच्या हाती सांगणाऱ्यालाच प्रश्न विचारण्याचे साधन येते. याचा सर्वांत मोठा पुरावा खुद्द रमाबाईच आहेत. इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाल्यावर वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात चर्चने सांगितले म्हणून मानायला त्या तयार नाहीत. शास्त्र मी स्वतः वाचीन आणि माझ्या सदसद्विवेकाला पटेल ते स्वीकारीन, हा त्यांचा पवित्रा गुरुस्थानी असलेल्या बाईंना दुखावूनही त्यांनी सोडला नाही. अशा बाईने उभारलेल्या संस्थेत शाळा होती, हातउद्योग होते आणि पुढे छापखानाही होता. केवळ शिष्या जमवायच्या असत्या तर एवढ्या उठाठेवीची गरज नव्हती.

छापखान्याची गोष्ट तर फारच थोड्यांना ठाऊक असते. मराठी बायबल तेव्हा उपलब्ध होते. मिशनऱ्यांच्या आणि बायबल सोसायटीच्या प्रयत्नांतून एकोणिसाव्या शतकातच ते सिद्ध झाले होते. पण साध्या बाईला कोणाच्या मदतीवाचून रोज वाचता यावे, इतके ते सोपे नाही असे रमाबाईंना वाटले. संस्कृत पंडिता असूनही त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि सगळ्या शास्त्राचे भाषांतर घरगुती मराठीत करायला घेतले. छपाईचे काम केडगावच्या बायकांनीच केले. देवनागरीचे खिळे जुळवणे सोपे नसते. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरे मिळून खणांची संख्या रोमन लिपीच्या कितीतरी पट भरते, आणि एक खिळा उलटा बसला तर शब्द बिघडतो. दुष्काळातून आलेल्या, घरी पाटीही न पाहिलेल्या मुली हे काम शिकल्या. एकेक ओळ हाताने जुळवणे हे सुद्धा शास्त्राचे वाचनच होते, कदाचित सर्वांत सावकाश आणि सर्वांत बारकाईचे.

यावर कोणी म्हणेल की रमाबाईंचे भाषांतर मंडळ्यांत रुजले नाही, उपासनेत बायबल सोसायटीचीच आवृत्ती राहिली, मग या खटाटोपाचे फलित काय? आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे. शब्दाला शब्द जपण्याच्या आग्रहाने त्यांची वाक्ये कधी कधी अवघडतात, हेही खरे. पण ग्रंथ किती मंडळ्यांनी स्वीकारला एवढ्यावरच मोजायचे, तर तो घडवताना वाचत्या झालेल्या बायका हिशेबातून गळतात. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे त्यांच्या पश्चातही ते काम पार पाडणारे हात केडगावात तयार होते, आणि त्या हातांना अक्षरे ओळखू येत होती.