पौष कोणाचा?

उत्तर हिंदुस्थानातल्या ‘बारहमासा’ या काव्यप्रकाराकडे आपण बहुधा पावसाच्या वाटेने जातो. आषाढाचे ढग, मोर, वाट पाहणारी विरहिणी हे सारे ओळखीचे असते. मला मात्र या प्रकाराची कसोटी हिवाळ्यात लागते असे वाटते. पावसाळ्यात विरहाला उपमांची वाण नसते; थंडीत कवीला अंथरूण-पांघरुणापर्यंत खाली उतरावे लागते.

मलिक मुहम्मद जायसीचे अवधी ‘पद्मावत’ इ. स. १५४० च्या सुमाराचे. राजा रत्नसेन पद्मावतीसाठी सिंहलद्वीपाला गेला आहे आणि चितोडला मागे राहिलेली राणी नागमती आषाढापासून ज्येष्ठापर्यंत एकेक महिना मोजते आहे. अगहनात, म्हणजे मार्गशीर्षात, दिवस आखडतो आणि रात्र लांबते. पौषात सूर्यदेखील थंडीला भिऊन लंकेच्या दिशेला सरकतो. चक्रवाकी रात्री जोडीदारापासून दुरावते, पण सकाळी तिची भेट होते. नागमतीला तेवढाही दिलासा नाही. (उत्तरेतले महिने पौर्णिमान्त असल्यामुळे तिथला पौष आपल्या पौषाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो, हे वाचताना ध्यानात ठेवावे.)

१९२४ साली ‘जायसी ग्रंथावली’ संपादताना आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली. या विरहात नागमती आपले राणीपण विसरते आणि साध्या गृहिणीसारखी बोलते. पावसाच्या तोंडावर, नवरा नसताना घर शाकारणार कोण, ही तिची चिंता आहे. राजवाड्याला कुठले आले छप्पर! ते खेड्यातल्या घराचे आहे. जायसीने बारमासा लोकगीतातून उचलला आणि त्याबरोबर त्या घराची चिंताही आली.

याउलट ओरछाच्या दरबारी केशवदासाची ‘कविप्रिया’ (१६०१) पाहावी. तिथली नायिका प्रियकराला दर महिन्याला निघू नको म्हणून विनवते. तिच्या पौषात तेल, कापूस, विडा आणि शेकोटीची ऊब आहे. पुढे बुंदी-कोट्याच्या चित्रकारांनी हेच बारमासे रंगवले, तेव्हा त्यांच्या थंडीत रजया आणि गच्चीवरचे ऊन आले. चित्रे अतिशय देखणी आहेत. पण थंडी तिथे सुखाला उठाव देण्यापुरतीच येते.

भोजपुरी गीतांतला नवरा ‘पुरब’ला, म्हणजे बंगालच्या बाजूला, कमाईसाठी गेलेला असतो. ग्रिअर्सनने १८८४ आणि १८८६ साली बिहारी व भोजपुरी लोकगीते छापली. ती गीते जशीच्या तशी मध्ययुगीन आहेत असे मानणे चूक ठरेल, कारण तोंडी परंपरा दर पिढीला बदलते. तरीही त्यांच्यामुळे जायसीच्या मागे उभे असलेले गाणे कसे असेल, याचा अंदाज बांधता येतो.

तिकडे जात्यावर म्हटल्या जाणाऱ्या गीतांना ‘जँतसार’ म्हणतात. ओवी ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला त्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. दळणाऱ्या बाईने गायिलेली थंडी आणि आश्रयदात्यासाठी रंगवलेली थंडी यांत आपण पहिलीला ‘भाबडी’ आणि दुसरीला ‘अभिजात’ म्हणतो. इतिहासाने निदान एवढे तरी विचारावे: त्या पौषात पांघरूण कोणाकडे होते?