मुंबईची पदवी आणि विलायतेतील तिची पत

बोईसर स्थानकापासून पश्चिमेस समुद्राकडे गेले असता तारापूरचे अणुविद्युत केंद्र लागते. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी या केंद्राचे पहिले दोन संच कार्यान्वित झाले. ज्यांच्या योजनेतून ते उभे राहिले, त्या होमी भाभा यांचे जानेवारी १९६६ मध्येच विमान अपघातात निधन झाले होते. भाभांच्या विज्ञानकार्याविषयी विपुल लिहिले गेले आहे. त्यांच्या शिक्षणक्रमातील एक बाब मात्र सहसा चर्चेत येत नाही. ‘सीनियर केंब्रिज’ ही त्यांची शालान्त परीक्षा मुंबईत झाली, परंतु तिच्या प्रश्नपत्रिका केंब्रिजच्या परीक्षामंडळाच्या होत्या. केंब्रिजच्या प्रवेशास वय अपुरे असल्याने त्यांनी मधला काळ एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथे काढला व १९२७ मध्ये ते केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजात दाखल झाले. म्हणजे ज्या विद्यापीठात जावयाचे त्याच विद्यापीठाचा कागद हाती घेऊन ते निघाले होते. ही सोय मुंबईतील मोजक्या शाळांच्या, आणि त्या शाळांचे शुल्क परवडणाऱ्या कुटुंबांच्या मुलांनाच उपलब्ध होती. इतरांना आपापल्या विद्यापीठाची पदवी घेऊनच समुद्र ओलांडावा लागे. त्या पदवीचे पलीकडच्या किनाऱ्यावर काय मोल होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झाले. १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने भारतातील विद्यापीठांसाठी लंडन विद्यापीठाचा नमुना ठरवून दिला होता. हे लंडन विद्यापीठ म्हणजे १८३६ च्या सनदेने निर्माण झालेली एक परीक्षक संस्था होती. अध्यापन संलग्न महाविद्यालयांनी करावे, परीक्षा विद्यापीठाने घ्यावी आणि पदवी द्यावी, अशी तिची रचना होती. मुंबईने ती जशीच्या तशी उचलली. १८५९ मध्ये पहिली प्रवेश परीक्षा झाली आणि १८६२ मध्ये महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक हे पहिले पदवीधर बाहेर पडले. मूळ नमुना आणि त्याची प्रतिकृती यांत पदवीच्या स्वरूपाचा असा कोणताच मूलभूत भेद नव्हता. असे असूनही मुंबईची बी. ए. आणि लंडनची बी. ए. या परस्परांना समान आहेत असे मूळ संस्थेने आपण होऊन कधी मानले नाही. पुढे १९०० मध्ये लंडन विद्यापीठाची पुनर्रचना होऊन ते स्वतः अध्यापन करणारे विद्यापीठ झाले. मुंबईत विद्यापीठाच्या स्वतःच्या अध्यापन विभागांचा आरंभ होण्यास त्यानंतर जवळजवळ दोन दशके जावी लागली. पॅट्रिक गेडिस हे समाजशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले ते १९१९ मध्ये. नमुना बदलला आणि प्रतिकृती जुन्याच रूपात राहिली. या कालावधीत दोहोंतील अंतर वाढले.

कागदाच्या वाचनातून केवढा अनर्थ संभवतो, याचे एक जुने उदाहरण सनदी नोकरीच्या परीक्षेतील आहे. ते विद्यापीठप्रवेशाचे नव्हे. परंतु प्रश्नाचे स्वरूप तेच आहे. १८६९ मध्ये लंडन येथे ही परीक्षा उत्तीर्ण झालेल्या चार भारतीयांपैकी सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि महाराष्ट्रातील श्रीपाद बाबाजी ठाकूर या दोघांची नावे वयाच्या संशयावरून वगळण्यात आली. बॅनर्जींच्या बाबतीत कलकत्ता विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेच्या वेळी नोंदलेले वय आणि लंडनमध्ये सांगितलेले वय जुळत नव्हते. खुलासा असा की, पहिली नोंद वय मोजण्याच्या भारतीय रीतीने झाली होती. बॅनर्जींनी क्वीन्स बेंच न्यायालयाचा आश्रय घेतला आणि अखेर दोघांचीही नावे पुन्हा दाखल झाली. मराठीत ‘सोळावे लागले’ आणि ‘सोळावे सरले’ यांत पूर्ण एका वर्षाचे अंतर आहे आणि मराठी बोलणाऱ्याला ते समजावून सांगावे लागत नाही. इंग्रजी तक्त्यात मात्र दोन्हींसाठी एकच आकडा पडतो. भाषांतरात हरवलेल्या एका क्रियापदामुळे दोन तरुणांचे भवितव्य न्यायालयाच्या दारात गेले, असे म्हणावयास हरकत नाही.

विद्यापीठांपुरते पाहिले असता एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत मुंबईच्या पदवीधरापुढे बहुधा एकच मार्ग असे: पुन्हा पदवीपूर्व विद्यार्थी व्हावे. दापोली तालुक्यातील मुर्डी येथे जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे फर्ग्युसन कॉलेजातून मुंबईची पदवी घेऊन, सरकारी शिष्यवृत्तीवर १८९६ मध्ये केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेले आणि तेथे गणिताच्या ट्रायपॉसला बसले. ही परीक्षा केंब्रिजच्या बी. ए. चीच होय. १८९९ मध्ये ते बर्टविसल यांच्यासह संयुक्तपणे सीनियर रँग्लर ठरले व साऱ्या हिंदुस्थानात त्यांचा जयघोष झाला. या घटनेचा अर्थ त्या काळी ‘भारतीय बुद्धीचा विजय’ असा लावला गेला आणि तो चुकीचाही नाही. तथापि तिचा दुसरा अर्थ असा की, मुंबईच्या सर्वोत्तम पदवीधरालाही आपली योग्यता त्यांच्या मापाने, आरंभापासून, पुन्हा सिद्ध करून दाखवावी लागली. त्यांच्या मुंबईच्या पदवीने त्यांना शिष्यवृत्तीपर्यंत नेले. केंब्रिजचे काम त्यापुढे नव्याने सुरू झाले.

नाशिक येथे १८६६ मध्ये जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांच्या वाट्याला दुहेरी अडथळा आला. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर असूनही, गुणांनी मिळावयाची सरकारी शिष्यवृत्ती स्त्री म्हणून त्यांना नाकारली गेली. इंग्लंडमधील हितचिंतकांनी निधी उभारला आणि १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या. १८९२ मध्ये बी. सी. एल. या कायद्याच्या परीक्षेस पुरुष परीक्षार्थ्यांबरोबर बसता यावे यासाठी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. त्या उत्तीर्ण झाल्या, परंतु पदवी मिळाली नाही, कारण ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवी देऊ लागले ते १९२० मध्ये. सोराबजींना ती १९२२ मध्ये प्रदान झाली. येथे एक विसंगती नोंदवली पाहिजे. जिला ‘वसाहतीतील विद्यापीठ’ म्हणून कमी लेखले जाई त्या मुंबईने त्यांना पदवीधर केले होते. ऑक्सफर्डला त्यासाठी आणखी तीन दशके लागली.

परकीय पदवी घेऊन ब्रिटिश विद्यापीठात जाण्याच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण मात्र डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे आहे. एल्फिन्स्टन कॉलेजातून मुंबईची बी. ए. झाल्यानंतर बडोदा संस्थानच्या वृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले व १९१५ मध्ये तेथील एम. ए. झाले. १९१६ च्या शरद ऋतूत ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथे आले आणि त्याच सुमारास बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन या संस्थेतही त्यांनी नाव घातले. (याच ग्रेज इनने १९०९ मध्ये विनायक दामोदर सावरकरांना, परीक्षा उत्तीर्ण असूनही, बॅरिस्टरीची सनद नाकारली होती.) लंडन स्कूलने त्यांना पदवीपूर्व वर्गात पाठविले नाही, ते थेट पदव्युत्तर विद्यार्थी म्हणून दाखल झाले.

हे कसे घडले? मुंबईच्या बी. ए. ला कोलंबियाच्या एम. ए. ची जोड मिळाली होती, हे एक कारण. परंतु त्याहून निर्णायक गोष्ट म्हणजे कोलंबियाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी लंडनच्या प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल यांना लिहिलेले शिफारसपत्र. सेलिग्मन आणि फॉक्सवेल एकमेकांना ओळखत होते, एकमेकांचे ग्रंथ जाणत होते. पदवी हे नाणे नव्हे. ती हुंडी आहे. नाणे कोणाच्याही हाती चालते, हुंडी मात्र लिहिणारा ओळखीचा असेल तरच वटते. मुंबईच्या परीक्षक विद्यापीठात पदवीवर सही करणारा असा कोणी विद्वान नव्हता, ज्याच्या नावावर लंडनने विश्वास टाकावा. तेथे होते गुणपत्रक आणि कुलसचिवाचा शिक्का. संशोधनास मार्गदर्शन करणारे अध्यापक ज्या विद्यापीठात असतात त्याच्या पदवीला हे दुसरे बळ आपोआप लाभते. मुंबईच्या पदवीचे दौर्बल्य तिच्या दर्जात होते त्यापेक्षा या अभावात अधिक होते.

बडोद्याची वृत्ती संपल्यामुळे १९१७ मध्ये आंबेडकरांना परतावे लागले. लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांपर्यंत अनुपस्थित राहण्याची अनुज्ञा दिली, आणि ही अनुज्ञा नसती तर पुढील इतिहास निराळा झाला असता. स्वतंत्रपणे रवाना केलेले त्यांचे सामानसुमान व ग्रंथ जहाजासह पाणतीराच्या हल्ल्यात बुडाले. मुंबईच्या सिडनॅम कॉलेजात अध्यापन करून शिल्लक टाकलेला पैसा, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांनी दिलेले कर्ज, एवढ्या भांडवलावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला पोहोचले. त्या वर्षी फॉक्सवेल यांनी स्कूलच्या चिटणीसांना लिहिलेल्या पत्रात या विद्यार्थ्याने डॉक्टरची पदवी आधीच संपादन केली असून येथे त्याला जिंकण्यासारखे फारसे उरलेले नाही, अशा आशयाचा उल्लेख आहे. वस्तुतः कोलंबियाने प्रबंध स्वीकारला असला तरी तो छापून दाखल केल्याखेरीज पीएच. डी. प्रदान होत नसे. तो ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पदवी १९२७ मध्ये मिळाली. म्हणजे जी पदवी कागदावर अद्याप अस्तित्वातच नव्हती ती लंडनमधील एका प्राध्यापकाने सात वर्षे आधीच जमेस धरली होती. मुंबईची छापील, शिक्क्याची पदवी ज्या देशात पुरी पडत नव्हती त्याच देशात हे घडले.

१९२१ मध्ये आंबेडकर लंडन विद्यापीठाचे एम. एस्सी. झाले; ब्रिटिश हिंदुस्थानातील साम्राज्याच्या वित्तव्यवस्थेचे प्रांतिक विकेंद्रीकरण हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. १९२२ मध्ये त्यांना बॅरिस्टरीची सनद मिळाली. रुपयाच्या प्रश्नावरील डी. एस्सी. चा प्रबंध पहिल्या वेळी स्वीकारला गेला नाही. प्रबंध ब्रिटिशविरोधी वाटल्याने तो परत आला, ही समजूत रूढ आहे. परंतु स्कूलच्या दप्तरातील त्यांच्या विद्यार्थी-नोंदीत तिला आधार सापडत नाही. ऑगस्ट १९२३ मध्ये सुधारलेला प्रबंध पुन्हा सादर झाला आणि नोव्हेंबरमध्ये तो मान्य झाला. त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन प्रबंधातील मतांशी सर्वस्वी सहमत नव्हते, तरीही छापील ग्रंथाला प्रस्तावना त्यांनीच लिहिली. ज्याचे म्हणणे पटत नाही त्याच्या योग्यतेची ग्वाही द्यावयाची, ही प्रथा परीक्षेच्या टेबलावर निर्माण होत नाही. ती चर्चासत्रात निर्माण होते.

याच सुमारास ब्रिटिश विद्यापीठांची रचनाही बदलत होती. १८९५ मध्ये ऑक्सफर्डने संशोधनासाठी बी. लिट. व बी. एस्सी. या पदव्या सुरू केल्या होत्या. संशोधन करून पुन्हा ‘बॅचलर’च व्हावयाचे, हा प्रकार परदेशी पदवीधराला चमत्कारिक वाटला तर नवल नाही. जर्मन विद्यापीठांकडे वळणारा अमेरिकन विद्यार्थ्यांचा ओघ आपल्याकडे यावा या हेतूने पहिल्या महायुद्धाच्या काळात पीएच. डी. चा विचार बळावला. ऑक्सफर्डने १९१७ मध्ये ती स्वीकारली आणि इतर विद्यापीठे थोड्याच काळात त्याच वाटेने गेली. हा दरवाजा भारतीयांसाठी उघडला नव्हता. तरी त्यातून आत जाणाऱ्यांत भारतीय थोडे नव्हते. सुमित्र मंगेश कत्रे १९३१ मध्ये लंडनचे पीएच. डी. झाले. हसमुख सांकलिया यांनीही त्याच दशकात पुरातत्त्वात ती पदवी घेतली. १९३९ मध्ये संशोधनसंस्था म्हणून डेक्कन कॉलेज पुन्हा सुरू झाल्यावर हे दोघे तेथे एकत्र आले. या पिढीने लंडनहून पदवीपेक्षा अधिक मोलाचे जे आणले ते म्हणजे मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांच्या संबंधाची रीत होय.

प्रशासनाची दृष्टी मात्र निराळीच होती. भारतीय विद्यार्थ्यांविषयी १९०७ मध्ये ली-वॉर्नर समितीने अहवाल दिला, पण तो प्रसिद्ध झाला १९२२ मध्ये, लिटन समितीच्या अहवालासोबत. १९०९ मध्ये विद्यार्थ्यांना माहिती देण्यासाठी लंडनला कार्यालय निघाले व टी. डब्ल्यू. आर्नल्ड हे शिक्षणविषयक सल्लागार नेमले गेले. कर्झन वायलीच्या वधाचे ते वर्ष असल्याने, हे कार्यालय मदतीसाठी की पाळतीसाठी, हा संशय विद्यार्थ्यांच्या मनातून कधी गेला नाही. अर्जदाराच्या पदवीइतकीच त्याच्या राजनिष्ठेची चौकशी महत्त्वाची ठरू लागली की शैक्षणिक समतुल्यतेचा प्रश्न आपोआप बाजूला पडतो.

दोन देशांच्या पदव्यांच्या परस्पर मान्यतेचा करार भारत आणि ब्रिटन यांच्यात झाला तो २१ जुलै २०२२ रोजी, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेनंतर एकशे पासष्ट वर्षांनी. त्यातील लक्षणीय भाग असा की, या वेळी मान्यतेची अडचण भारताच्या बाजूनेही होती: ब्रिटनमधील एक वर्षाची एम. ए. किंवा एम. एस्सी. भारतातील दोन वर्षांच्या पदवीशी समान मानावयाची की नाही, हा वाद या कराराने मिटविला. भारतातील उच्च माध्यमिक प्रमाणपत्र आणि सर्वसाधारण पदव्या यांना ब्रिटनमध्ये प्रवेशासाठी मान्यता मिळाली. अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, वास्तुविद्या व विधी हे व्यावसायिक अभ्यासक्रम मात्र कराराच्या बाहेर ठेवण्यात आले. बोईसरच्या एखाद्या कला किंवा विज्ञान शाखेच्या पदवीधराला या कराराचा लाभ होतो. तारापूर औद्योगिक वसाहत ज्या रसायन व औषध कारखान्यांमुळे ओळखली जाते त्यांत काम करणाऱ्या औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीधराला आणि अभियंत्याला तो या करारान्वये मिळत नाही.