डेनिस टेलर : एका काळ्या चेंडूने घडवलेला विजेता आणि समालोचक

डेनिस टेलर हे उत्तर आयर्लंडचे माजी व्यावसायिक स्नूकरपटू आणि बीबीसीचे समालोचक. १९८५ चे जागतिक विजेतेपद त्यांनी अंतिम सामन्याच्या शेवटच्या फ्रेममध्ये, शेवटच्या चेंडूवर जिंकले. हे विजेतेपद त्यांना पुन्हा मिळाले नाही. तरीही ब्रिटनमधील स्नूकरप्रेमींच्या घरात त्यांचा आवाज पुढे अनेक वर्षे ऐकू येत राहिला.

सुरुवातीची वर्षे

टेलर यांचा जन्म १९ जानेवारी १९४९ रोजी टायरोन परगण्यातील कोलआयलंड या गावी झाला. तरुणपणी ते इंग्लंडमधील लँकेशायरमध्ये आले आणि १९७२ मध्ये व्यावसायिक खेळाडू बनले. १९७९ मध्ये ते प्रथमच जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचले, पण टेरी ग्रिफिथ्स यांनी त्यांना २४-१६ असे हरवले.

१९८४ मध्ये त्यांच्या आईचे अचानक निधन झाले. सुरू असलेली स्पर्धा सोडून ते घरी परतले. पुन्हा खेळायला उतरल्यावर त्यांनी ग्राँ प्री स्पर्धेच्या अंतिम सामन्यात क्लिफ थॉरबर्न यांना १०-२ असे हरवले. व्यावसायिक कारकिर्दीच्या बाराव्या वर्षी मिळालेले हे त्यांचे पहिले मोठे यश होते.

उलटा दिसणारा चष्मा का?

फटका मारताना स्नूकरपटूची हनुवटी क्यूला जवळजवळ टेकलेली असते आणि नजर वर, टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे असते. अशा वेळी साध्या चष्म्याच्या काचेची वरची कड आड येते. यावर उपाय म्हणून जॅक कार्नेम यांनी टेलर यांच्यासाठी मोठ्या, वर उचललेल्या काचांचा चष्मा तयार केला. कार्नेम स्वतः बिलियर्ड्सपटू आणि समालोचक होते. चष्मा उलटा घातल्यासारखा दिसे. त्यावरून होणाऱ्या थट्टेत टेलर स्वतःही सामील होत.

१९८५ चा अंतिम सामना

शेफील्डच्या क्रुसिबल थिएटरमध्ये टेलर यांच्यासमोर होते गतविजेते स्टीव्ह डेव्हिस. ३५ फ्रेमच्या या सामन्यात आधी १८ फ्रेम जिंकणारा विजेता ठरणार होता. डेव्हिस यांनी पहिल्या आठही फ्रेम जिंकल्या. टेलर यांनी पिछाडी भरून काढत पहिल्या दिवसअखेर गुणफलक ९-७ वर आणला आणि दुसऱ्या दिवशी १७-१७ अशी बरोबरी साधली.

निर्णायक फ्रेम ६८ मिनिटे चालली. तपकिरी, निळा, गुलाबी आणि काळा असे चारच चेंडू उरले, तेव्हा डेव्हिस ६२-४४ ने पुढे होते. या चेंडूंचे गुण अनुक्रमे ४, ५, ६ आणि ७. म्हणजे टेलर यांना चारही चेंडू हवे होते. पहिले तीन त्यांनी पॉकेटमध्ये घातले आणि फरक तीन गुणांवर आला. आता काळा चेंडू ज्याचा, सामना त्याचा. दोघांचेही प्रयत्न हुकले. शेवटी डेव्हिस यांना चांगली संधी मिळाली, पण कट जास्त बारीक बसला आणि चेंडू बाहेर राहिला. टेलर यांनी तो आत घातला आणि क्यू दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. संपूर्ण सामन्यात ते आघाडीवर आले ते फक्त या क्षणी.

तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. तरीही ब्रिटनमध्ये सुमारे १ कोटी ८५ लाख लोक बीबीसी टूवर हा सामना पाहत होते.

टीव्हीचा खेळ

स्नूकरचा जन्म भारतातला, १८७५ च्या सुमारास जबलपूरच्या ब्रिटिश लष्करी छावणीत झालेला. पण तो लाखो घरांत पोहोचला तो ब्रिटनमधील रंगीत टीव्हीमुळे. चेंडूंचे रंग ओळखता आल्याशिवाय हा खेळ समजत नाही. १९६९ मध्ये बीबीसीवर सुरू झालेल्या ‘पॉट ब्लॅक’ या कार्यक्रमाने त्याला प्रेक्षक मिळवून दिला. टेलर यांची पिढी याच लाटेवर मोठी झाली.

समालोचनाच्या खोलीत

पुढच्याच वर्षी टेलर जागतिक स्पर्धेच्या पहिल्या फेरीत माइक हॅलेट यांच्याकडून हरले. १९८७ मध्ये त्यांनी ॲलेक्स हिगिन्स यांना ९-८ असे हरवून मास्टर्स स्पर्धा जिंकली. २००० मध्ये त्यांनी मुख्य व्यावसायिक स्पर्धांमधून निवृत्ती घेतली आणि बीबीसीचे समालोचक म्हणून ते प्रेक्षकांसमोर येत राहिले.

स्नूकरच्या समालोचकाला सतत बोलून चालत नाही. टेबलावर काय घडते आहे ते प्रेक्षकाला दिसतच असते. खेळाडूने सोपा चेंडू का सोडला, पांढरा चेंडू फटक्यानंतर कुठे थांबायला हवा, पिछाडी भरून काढण्याइतके गुण टेबलावर उरले आहेत का, हे मात्र सांगावे लागते. आठ फ्रेमनी मागे पडूनही जिंकलेल्या माणसाला हे हिशेब अनुभवाने ठाऊक होते. शिवाय चष्म्यावर हसणारा त्यांचा मिश्कील स्वभाव इथेही कामी आला. २००५ मध्ये बीबीसीच्या ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’ या नृत्यस्पर्धेतही ते दिसले.

डेव्हिस यांनी पुढे आणखी तीनदा जागतिक विजेतेपद मिळवले. त्यांची एकूण विजेतेपदे सहा झाली. तेही बीबीसीवर स्नूकरचे विश्लेषण करू लागले. २०१० मध्ये, त्या सामन्याला २५ वर्षे झाली तेव्हा, दोघांनी क्रुसिबलमध्ये प्रेक्षकांसमोर ती शेवटची फ्रेम पुन्हा खेळून दाखवली. ज्या चेंडूने एकाला जिंकवले आणि दुसऱ्याला हरवले, त्याच्याकडे पाहून आता दोघेही हसत होते.