ली ली त्साय मू

भूतकाळातील घटना डोळ्यांसमोर स्पष्टपणे उभ्या आहेत, या अर्थाचा चिनी वाक्प्रचार. ‘छंग-यू’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, बहुधा चार अक्षरी व साहित्यपरंपरेतून रूढ झालेल्या शब्दबंधांत त्याचा समावेश होतो. ‘त्साय मू’ म्हणजे ‘डोळ्यांपुढे असणे’ आणि ‘ली ली’ म्हणजे ‘एकेक वेगळे व ठळक’. स्मृतिवाचक शब्द यात कोठेही नाही. ‘डोळ्यांसमोर उभे राहणे’ या मराठी वाक्प्रचाराप्रमाणेच येथेही आठवणीचे काम दृष्टीकडे सोपविलेले आहे.

‘ली’ या अक्षराचा मूळ अर्थ ‘ओलांडणे, क्रमाने पार करणे’ असा असून त्याच्या पारंपरिक लिपिचिन्हात पावलाची खूण आढळते. ‘इतिहास’ या अर्थाच्या ‘लीशी’ या शब्दातही हेच अक्षर आहे. द्विरुक्त ‘ली ली’ मात्र जुन्या काव्यात दूरच्या, पण स्पष्ट दिसणाऱ्या वस्तूंना लावलेले दिसते. उत्तर हान काळातील मानल्या जाणाऱ्या एकोणीस प्राचीन कवितांत ते आकाशातील ताऱ्यांसाठी, तर थांग काळातील कवी त्स्वे हाव (मृ. ७५४) याच्या पीत क्रौंच मनोऱ्यावरील कवितेत यांगत्से नदीपलीकडील वृक्षांसाठी आले आहे.

हाच शब्द काळातील अंतरासाठी दू फू (७१२–७०) याने योजिला. त्याच्या ‘ली ली’ याच शीर्षकाच्या कवितेत काययुआन कालखंडातील (७१३–४१) वैभव डोळ्यांपुढे स्पष्ट दिसत असल्याचे म्हटले आहे. आन लूशानच्या बंडाने (७५५–६३) ते वैभव लयास गेले आणि ७५६ मध्ये राजधानी चांग-आन पडली. ७५५ मध्ये सरकारी नोंदवह्यांत सु. ५·२९ कोटी लोक होते. ७६४ मध्ये ही संख्या सु. १·६९ कोटींवर आली. ही घट केवळ मृत्यूंमुळे नव्हे, तर स्थलांतर आणि नोंदणीव्यवस्थेचा ऱ्हास यांमुळेही झाली. आजारी व वृद्ध दू फू तेव्हा राजधानीपासून दूर, यांगत्सेच्या घळईतील ख्वेजो येथे राहत होता. तेथेच ७६७ मध्ये एका नर्तकीचे खड्गनृत्य पाहून, तिची गुरू गुंगसुन हिचे आपण बालपणी पाहिलेले नृत्य त्याला आठवले व त्यावरही त्याने कविता रचली. तारे व पैलतीरावरील वृक्ष यांप्रमाणेच गतकाळही त्याला स्पष्ट दिसतो, पण हाती येत नाही. या शब्दातील करुणा स्पष्टता आणि अप्राप्यता यांच्या संयोगातून निर्माण होते.

चार अक्षरी पूर्ण रूप सुंग काळात आढळते. लौ युए (११३७–१२१३) याने पश्चिम हान काळातील संस्थांविषयीच्या एका संकलनग्रंथाच्या प्रस्तावनेत, ग्रंथ उघडताच दोनशेहून अधिक वर्षांचा वृत्तान्त दृष्टीपुढे येतो, या अर्थाने ते वापरले. त्यामुळे स्वतः अनुभवलेल्या घटनांइतकेच वाचनातून कळलेल्या इतिहासालाही ते लागू पडले.

आधुनिक चिनी भाषेत बालपण, युद्ध, आपत्ती इत्यादींच्या आठवणींसंदर्भात हा वाक्प्रचार सर्रास वापरला जातो. ‘जी-यी यौ शिन’ (स्मृती अजून ताजी) हा त्याला जवळचा. परंतु त्यात आठवण न विरल्याचे सांगण्यावर भर असतो, तर ‘ली ली त्साय मू’ मध्ये प्रत्येक तपशील सुटा व दृश्यरूप असणे अभिप्रेत आहे.