क्षयाचे जंतु आणि अर्धवट औषध

मुंबईच्या उपनगरांत क्षय हा शब्द आजहि हलक्या आवाजांत उच्चारला जातो. बोरीवलीसारख्या वस्तींतील सुशिक्षित कुटुंबांस तो दूरच्या झोपड्यांतला रोग वाटतो. परंतु बोरीवलीहून चर्चगेटकडे जाणारी गाडी रोज माहीमवरून जाते, माहीमला लागूनच धारावी आहे, आणि क्षयाचे जंतु खोकल्याबरोबर हवेंतूनच पसरतात. ते जंतु औषधांना जुमानेनासे कां झाले, याचा इतिहास म्हणूनच सर्वांनीं जाणून घेण्याजोगा आहे. त्यांतील एक महत्त्वाचें प्रकरण याच शहरांत घडलें.

रॉबर्ट कॉख यानें १८८२ सालीं क्षयाचा जंतु जगाला दाखवून दिला; तरी त्याला मारणारें औषध हातीं यावयास आणखी साठ वर्षें लागलीं. तोंवर मोकळी हवा, विश्रांति आणि सकस अन्न हाच मुख्य उपचार होता. १९४३ सालीं अमेरिकेंत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेंत आल्बर्ट शाट्झ या तरुण संशोधकास मातींतील एका सूक्ष्म जीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालें. पुढें ब्रिटनमध्यें १०७ रुग्णांवर त्याची रीतसर परीक्षा झाली. ५५ जणांना औषध देण्यांत आलें, ५२ जणांना केवळ विश्रांति. सहा महिन्यांनंतर औषध घेणाऱ्यांपैकीं ४ आणि इतरांपैकीं १४ रुग्ण दगावले होते. विजय उघड दिसत होता. परंतु पांच वर्षांनीं पुन्हां मोजदाद झाली, तेव्हां पहिल्या गटांतील ३२ आणि दुसऱ्या गटांतील ३५ रुग्ण मरण पावलेले आढळले. एकटेंच औषध दिल्यामुळें अनेकांच्या शरीरांत त्याला दाद न देणारे जंतु माजले होते.

असें होण्याचें कारण समजण्यास अवघड नाहीं. रोग्याच्या फुफ्फुसांत पोकळी पडली, म्हणजे तींत कोट्यवधि जंतु वाढतात. त्यांतील सुमारें दहा लाखांत एक जंतु आयसोनायझिड या औषधाला मुळांतच दाद देत नाहीं. रिफॅम्पिसिनच्या बाबतींत हें प्रमाण सुमारें दहा कोटींत एक असें आहे. औषध त्या जंतूला तसा घडवीत नाहीं. तें बाकीच्यांना मारून त्या एकाला रान मोकळें करून देतें. दोन्ही औषधें एकदम दिलीं, तर दोहोंना पुरून उरणारा जंतु सांपडणें जवळजवळ अशक्य होतें. म्हणूनच क्षयावर अनेक औषधें एकत्र, पूर्ण मात्रेंत आणि साधारणतः सहा महिने द्यावीं लागतात. रोग्याला बरें वाटूं लागतें तें त्याच्या कितीतरी आधीं. आणि खरा धोका तेथेंच असतो. पेनिसिलीनचा शोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यानें १९४५ च्या डिसेंबरांत नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानांत अपुऱ्या मात्रेच्या अशाच धोक्याची सूचना देऊन ठेविली होती.

भारतांत औषधांच्या दुर्मिळतेचे दिवस हळूहळू सरले. पुण्याजवळ पिंपरीस १९५४ सालीं जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साह्यानें सरकारी कारखाना उभा राहिला, आणि पुढील वर्षीं तेथें पेनिसिलीन तयार होऊं लागलें. पुढें क्षयाचीं औषधेंहि गल्लीगल्लींतील दुकानांत मिळूं लागलीं. औषध सुलभ झालें. त्याचा नेम मात्र सुलभ झाला नाहीं.

याचा पुरावा मुंबईनेंच दिला. १९९१ सालीं डॉ. मुकुंद उपळेकर व त्यांचे सहकारी शेपर्ड यांनीं झोपडपट्टींत व्यवसाय करणाऱ्या १०० खासगी डॉक्टरांची पाहणी प्रसिद्ध केली. त्या शंभरांनीं क्षयासाठीं ८० निरनिराळे औषधक्रम लिहून दिले होते. सुमारें वीस वर्षांनीं, २०१० सालीं, अशीच दुसरी पाहणी प्रसिद्ध झाली. या खेपेस १०६ डॉक्टरांनीं ६३ क्रम लिहिले, आणि त्यांतील बिनचूक क्रम अवघ्या ६ जणांचा निघाला. इकडे रोजंदारीवर पोट असलेला रोगी बरें वाटतांच कामावर जाई. पैसे संपले कीं गोळ्या थांबवी. पुन्हां खोकला आला कीं दुसरा डॉक्टर गांठी. नवा डॉक्टर जुन्या औषधांत एखादें नवें औषध तेवढें वाढवी. जंतूंना याहून अनुकूल शाळा दुसरी कोणती मिळणार?

२०११ च्या अखेरीस माहीमच्या हिंदुजा रुग्णालयांतील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनीं चार रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. तपासलेल्या औषधांपैकीं एकहि औषध त्यांच्या जंतूंवर चालत नव्हतें. त्यांतील तिघांनीं अठरा महिन्यांत सरासरी चार खासगी डॉक्टरांकडून औषधें घेतलेलीं होतीं, तींहि एकेक करून आणि पुष्कळदां चुकीच्या मात्रेंत. या अवस्थेस द्यावयाच्या नांवावरून सरकारशीं वाद झाला. परंतु नांव कोणतेंहि दिलें, तरी रोग्याचें दुखणें तेंच राहिलें. मे २०१२ मध्यें क्षयाच्या प्रत्येक रोग्याची नोंद सरकारकडे करणें सक्तीचें झालें. मार्च २०१४ पासून क्षयाचीं व इतर कांहीं प्रभावी प्रतिजैविकें विकतांना त्यांची वेगळी नोंदवही तीन वर्षें जपून ठेवण्याचें बंधन औषधविक्रेत्यांवर आलें.

बेडाक्विलिन हें नवें औषध २०१६ सालीं मुंबईसह मोजक्या केंद्रांत मिळूं लागलें. त्यावरील मक्तेदारीची मुदत वाढवून मागण्यांत आली, तेव्हां मुंबईच्या पत्रकार नंदिता व्यंकटेशन यांनीं दक्षिण आफ्रिकेंतील फुमेझा टिसिले यांच्यासह तिला हरकत घेतली. क्षयाच्या उपचारांत दोघींचीहि श्रवणशक्ति गेलेली होती. मार्च २०२३ मध्यें भारतीय पेटंट कार्यालयानें ती मागणी फेटाळली.

तथापि नवें औषध हातीं आलें, म्हणून जुना नियम बदलत नाहीं. तेंहि अर्धवट घेतलें, तर स्ट्रेप्टोमायसिनच्याच वाटेनें जाईल. इतर जंतूंची गोष्टहि याहून फारशी निराळी नाहीं. साध्या सर्दीपडशावर, जेथें प्रतिजैविकाचा कांहीं उपयोग नसतो, तेथें मागच्या दुखण्यांतील उरलेल्या गोळ्या पोटांत जातात. शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याचेंच औषध मागून आणलें जातें. हें धारावींत घडतें तसें बोरीवलीच्या सुस्थित घरांतहि घडतें. डॉक्टरानें विचारपूर्वक लिहिलेलें औषध सांगितलेल्या दिवसापर्यंत घेणें, आणि न लिहिलेलें न घेणें, एवढी गोष्ट प्रत्येक घराच्या हातांत आहे. ती पाळली, तर आज गुण देणारें औषध उद्यांच्या रोग्यालाहि गुण देईल.