एकसष्टाचें उत्तर आणि वऱ्हाडचा टीकाकार

अमरावतीस आमच्या वर्गांत आम्ही दरसाल एक प्रश्न घालीत आलों आहों. अशी एक पूर्णसंख्या शोधा, कीं तिच्या वर्गास ६१ नें गुणून त्यांत १ मिळविला असतां पुनः पूर्ण वर्गच यावा. ६१ च्या जागीं ६० घेतल्यास ४ ही संख्या पुरते. ६२ घेतल्यास ८ पुरते. विद्यार्थी मोठ्या उमेदीनें बसतात, आणि तासाची घंटा होते तरी पाट्या कोऱ्याच! कारण ६१ चें सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० हें असून येणारा वर्ग १,७६,६३,१९,०४९ या संख्येचा आहे. दोन्ही शेजारणी एका अंकावर तृप्त होतात, आणि मधलीस नऊ अंकांचा नैवेद्य लागतो.

हें उत्तर भास्कराचार्यांनीं ११५० च्या सुमारास ‘बीजगणितां’त दिलें आहे. त्यांची रीति चक्रवाल. ८ चा वर्ग ६१ हून ३ नें अधिक, येथून आरंभ. एकाच फेऱ्यांत ३९ व ५ ही जोडी हातीं येते: ३९ चा वर्ग १५२१, आणि ५ च्या वर्गाची ६१ पट १५२५, अंतर अवघें ४. पुढें ब्रह्मगुप्ताची भावना लावितां २९,७१८ व ३,८०५ येतात. तेथें अंतर १ चें, परंतु उणें. या जोडीची तिच्याशींच भावना केली कीं इष्ट उत्तर पदरीं पडतें. १६५७ त फर्मा यानें युरोपांतील गणितज्ञांस हाच ६१ चा प्रश्न घातला, तो या इतिहासाच्या वाऱ्यासही न राहतां. पुढें ऑयलरच्या चुकीनें या समीकरणास पेलचें नांव चिकटलें. आम्हीही तें पेलच्याच नांवानें शिकलों आणि, सांगावयास लाज वाटते, पुष्कळ वर्षें तसेंच शिकविलें.

उत्तर खरें आहे हें गुणाकार करून कोणीही पाहील. परंतु एक उत्तर खरें ठरल्यानें रीति खरी कां, हें कळत नाहीं. तें सांगणारा पुरुष आमच्या वऱ्हाडाच्या मातींतला होता, हें वऱ्हाडांत किती जणांस ठाऊक आहे? विदर्भांत पयोष्णीच्या तीरीं दधिग्राम येथें एक ज्योतिष्यांचें घराणें नांदत होतें. पयोष्णी म्हणजे आपली पूर्णा, असें पुष्कळ विद्वान मानितात. अकोल्याहून अकोटास जातांना आपण जी ओलांडतों, तीच. त्या घराण्यांतील बल्लाळ काशीस गेले. त्यांचे पुत्र कृष्णदैवज्ञ यांनीं १६०० च्या सुमारास ‘बीजगणिता’वर ‘बीजपल्लव’ ही टीका लिहिली. बंधु रंगनाथ यांनीं १६०३ त सूर्यसिद्धांतावर टीका केली. जहांगीर बादशहाच्या पदरीं कृष्णदैवज्ञांस मान होता.

या टीकेंतील एक विचार आम्हांस फार मोलाचा वाटतो. दोन संख्यांच्या गुणाकाराची चौपट ही त्यांच्या बेरजेच्या वर्गाएवढी असते, असें कोणी म्हटलें, तर? २ व २ घ्या, १६ आणि १६. ३ व ३ घ्या, ३६ आणि ३६. ४ व ४ घेतले तरी जमतें. परंतु ३ व २ घेतांच २४ आणि २५! तेव्हां दहा उदाहरणें जुळलीं म्हणून नियम सिद्ध होत नाहीं. उपपत्ति हवी, हें कृष्णदैवज्ञांचें म्हणणें. वर्ग नसलेली कोणतीही संख्या घेतली तरी असें उत्तर निघतेंच, याची पूर्ण सिद्धता पुढें अठराव्या शतकांत लाग्रांज यानें दिली, हेंही न्यायानें सांगितलें पाहिजे.

आपल्या पूर्वजांच्या मोठ्या संख्या पाहून छाती फुगविणें सोपें आहे. ‘हें असें कां?’ म्हणून विचारणें कठीण. दधिग्रामाच्या त्या पुत्राचें खरें वतन तो प्रश्न आहे. यंदा आम्ही वर्गांत ६१ चा प्रश्न घातला, तेव्हां एकानें उत्तर पुस्तकांतून आणून दाखविलें. आम्ही त्यास शाबासकी दिली, आणि उपपत्ति मागितली.