आपल्या फोनमधले अक्षर कुणाचे? मुक्तस्रोत मोबाइलचा भारतीय इतिहास

जानेवारी २०२३ मध्ये ‘भारओएस’ या मोबाइल कार्यप्रणालीची घोषणा झाली. आयआयटी मद्रासशी संलग्न असलेल्या प्रवर्तक फाउंडेशनच्या आश्रयाने ती विकसित झाली होती आणि दोन केंद्रीय मंत्र्यांनी तिची जाहीर चाचणीही घेतली. तेव्हापासून स्वदेशी फोनचा विषय विज्ञानवार्तांत अधूनमधून डोकावत असतो. या चर्चेत ‘स्वदेशी’ आणि ‘मुक्त’ हे शब्द समानार्थी असल्यासारखे वापरले जातात, आणि तिथेच गफलत होते. भारओएसचा पाया अँड्रॉइडच्या मुक्तस्रोत संहितेचा आहे. म्हणजे ही इमारत उभी राहू शकली ती मूळ परदेशी संहिता सर्वांना खुली होती म्हणून. प्रणाली कोठे जन्मली हा एक प्रश्न. ती उघडून पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि दुरुस्त केलेली प्रत दुसऱ्याला देण्याचा अधिकार कुणाला आहे, हा दुसरा. सामान्य वापरकर्त्याच्या दृष्टीने दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे, आणि त्याचा पुरावा गेल्या पाव शतकाच्या इतिहासात सापडतो.

या इतिहासाचे पहिले भारतीय पान ‘सिंप्युटर’चे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन, व्ही. विनय आणि ‘एन्कोर सॉफ्टवेअर’चे विनय देशपांडे प्रभृतींनी २००१ मध्ये हा तळहातावर मावणारा संगणक जगासमोर आणला. लिनक्सवर चालणारे, स्पर्शपटल असलेले, भारतीय भाषांत मजकूर वाचून दाखवणारे हे यंत्र होते. त्यातील संहिता तर मुक्त होतीच, पण यंत्राची रचनाही स्वतंत्र परवान्याखाली इतर उत्पादकांना उपलब्ध करून देण्यात आली होती. निरक्षर शेतकऱ्यापर्यंत संगणक पोहोचावा, हा त्यामागचा हेतू. २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या सहकार्याने त्याची ‘अमिडा’ ही आवृत्ती बाजारात आली. परंतु पन्नास हजारांचे उद्दिष्ट असताना विक्री चार हजारांच्या आसपासच राहिली. तोवर साधे मोबाइल स्वस्त होऊ लागले होते आणि लोकांना सर्वप्रथम बोलायचे होते. परवाना कितीही उदार असला तरी रोजच्या गरजेला न उतरणारी वस्तू लोक घेत नाहीत, हा धडा या प्रयोगाने मागे ठेवला. २००७ मध्ये आलेल्या ‘ओपनमोको’च्या ‘निओ १९७३’ या मुक्त फोनच्या वाट्यालाही जवळपास हेच आले.

त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला गूगल आणि तिच्या सहयोगी कंपन्यांनी अँड्रॉइडची घोषणा केली आणि २००८ च्या उत्तरार्धात पहिला अँड्रॉइड फोन विक्रीला आला. मराठी वाचकासाठी मात्र ती फारशी आनंदाची बातमी नव्हती. त्या काळातील बहुतेक अँड्रॉइड फोनवर मराठी मजकूर उघडला की पडद्यावर रिकाम्या चौकटींची रांग दिसे. काही उत्साही मंडळी फोनचे कुलूप तोडून त्यात देवनागरी फॉन्ट बसवीत. पण तेवढ्याने भागत नसे. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण लिहिली जाते आधी. जोडाक्षरात दोन व्यंजने एकमेकांत मिसळतात. ही जुळणी करणारे गणित प्रणालीत नसेल, तर ‘पहिला’ शब्दातील वेलांटी ‘ह’च्या पुढे जाऊन बसते आणि प्रत्येक जोडाक्षराचे पाय मोडतात. ‘ऑपेरा मिनी’च्या छुप्या मांडणीत जाऊन मजकूर चित्ररूपाने मागवण्याची युक्ती तेव्हा तोंडोतोंडी पसरली होती.

अडचण केवळ सौंदर्याची नव्हती. मराठीत ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे दोन वेगळे शब्द आहेत: एकात गुरू, दुसऱ्यात स्वयंपाकी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. हा अर्धा ‘ऱ’ हिंदीला लागत नाही. म्हणून केवळ हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या प्रणालीत तो सहज निसटतो. ‘ॲप’मधील ‘ॲ’ला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत.

हा प्रश्न सुटला तो अँड्रॉइडच्या ४.० या आवृत्तीत, २०११ च्या अखेरीस, आणि तो कसा सुटला हे पाहण्याजोगे आहे. त्या आवृत्तीसोबत आलेला देवनागरी फॉन्ट ‘लोहित’ होता. रेड हॅट या मुक्तस्रोत कंपनीने लिनक्स संगणकांसाठी भारतीय लिप्यांचे हे फॉन्ट २००४ मध्ये खुले केले होते. लोहित म्हणजे तांबडा. नावात कंपनीच्या लाल टोपीचा निर्देश आहे. कंपनीच्या पुण्यातील अभियंत्यांनी पुढे अनेक वर्षे त्यांची निगा राखली. अक्षरजुळणीचे गणित होते ‘हार्फबझ’ या मुक्त प्रकल्पाचे. हे नावही अर्थपूर्ण आहे: फारसीत ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाज’ म्हणजे उघडे. संगणकासाठी घडवलेली ही साधने मोबाइलच्या प्रणालीत वापरायला कुणाचीही वेगळी परवानगी मागावी लागली नाही. आज फोनवर मराठी वाचणाऱ्या कोट्यवधी लोकांपैकी फार थोड्यांना मुक्तस्रोत हा शब्द ठाऊक असेल. त्याचे फळ मात्र ते रोज डोळ्यांसमोर धरतात.

दुसरी कथा एका कंपनीच्या अस्ताची. स्टीव्ह कॉन्डिक यांनी २००९ मध्ये अँड्रॉइडच्या मुक्त संहितेवरून ‘सायनोजेनमॉड’ सुरू केले. ज्या फोनकडे उत्पादकांनी पाठ फिरवली होती, त्यांना स्वयंसेवकांनी नव्या आवृत्त्या पुरवल्या. पुढे त्यातून कंपनी निघाली आणि २०१४ च्या अखेरीस तिचे नाव भारतीय न्यायालयात पोहोचले. मायक्रोमॅक्सच्या ‘यू’ या ब्रँडला भारतात सायनोजेनचे अनन्य हक्क मिळाले होते. वनप्लसचा फोनही त्याच प्रणालीवर चालत होता. वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. मुक्त संहितेभोवतीही व्यापारी करारांचे कुंपण घालता येते, हे तेव्हा दिसले. परंतु डिसेंबर २०१६ मध्ये कंपनीने आपल्या सेवा बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा त्या कुंपणाची मर्यादाही दिसली. स्वयंसेवकांनी तीच संहिता उचलून काही दिवसांतच ‘लिनिएजओएस’ या नावाने काम पुढे चालू ठेवले. कंपनी गेली, काम राहिले. बंद प्रणालीच्या बाबतीत कंपनीबरोबर कामही जाते.

तिसरी कथा याच्या उलट दिशेची. मोझिलाची ‘फायरफॉक्स ओएस’ ही मुक्त प्रणाली ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्सच्या १,९९९ रुपयांच्या फोनमधून भारतात आली. दीड वर्षाच्या आत मोझिलाने हा प्रयत्न गुंडाळला. पण त्याच संहितेच्या वंशातून ‘कायओएस’ जन्मली आणि २०१७ साली ती जिओफोनमध्ये बसून घराघरांत पोहोचली. मुक्त बीजाचे हे सर्वांत मोठे भारतीय पीक. तरीही ज्याच्या हाती तो फोन होता, त्याला ती प्रणाली उघडून बदलण्याची मोकळीक राहिली नव्हती.

आजच्या अँड्रॉइडचीही अवस्था अशीच अर्धी उघडी, अर्धी मिटलेली आहे. गाभा मुक्त आहे. त्यावरील प्ले सेवा आणि फोनच्या सुट्या भागांना चालवणाऱ्या अनेक संहिता बंद आहेत. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तेव्हा आयोगाच्या आक्षेपांत उत्पादकांना अँड्रॉइडच्या वेगळ्या शाखा काढण्यापासून रोखणाऱ्या करारांचाही समावेश होता. मार्च २०२५ पासून अँड्रॉइडचा विकास गूगलच्या बंद दाराआड होतो. पूर्ण झालेली संहिता तेवढी खुली होते. ऑगस्ट २०२५ मध्ये, ॲप बनवणाऱ्या प्रत्येकाने गूगलकडे आपली ओळख नोंदवावी, असा नियम टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे जाहीर झाले. फसवणूक रोखण्याचे त्यामागचे कारण खोटे नाही. पण आपल्या फोनमध्ये काय बसवावे याचा अखेरचा शब्द कुणाचा, हा प्रश्न त्यामुळे अधिक टोकदार होतो.

या साऱ्याचा जबलपूरच्या सदर बाजारात फोन घेणाऱ्या माणसाशी काय संबंध? दूरसंचार या शहराला नवा नाही. १९४२ पासून येथे दूरसंचाराचे प्रशिक्षण दिले जात आहे. येथील मराठी घरांत फोनची भाषा बहुधा हिंदी किंवा इंग्रजी ठेवलेली असते, आणि त्यामुळे मराठी मजकुरातील ‘ल’ आणि ‘श’ही हिंदी वळणाचे दिसतात. मराठी वळण अनेक मुक्त फॉन्टमध्ये आधीपासून भरलेले आहे; फोनची भाषा मराठी केली की ते बऱ्याच ठिकाणी प्रकट होते. खर्च शून्य.

फोन विकत घेताना कॅमेऱ्याच्या आकड्यांबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: सुरक्षा-सुधारणा किती वर्षे मिळणार, आणि उत्पादक फोनचे बूटलोडर खुले करू देतो का. लिनिएजओएसच्या संकेतस्थळावर चालू फोनांची यादी असते. त्यात नाव असलेला फोन कंपनीने सोडल्यावरही काही वर्षे जगण्याची शक्यता बरीच अधिक. मात्र बूटलोडर उघडताना फोनमधील सर्व माहिती पुसली जाते, आणि बँकांची काही ॲप अशा फोनवर चालत नाहीत. म्हणून रोजच्या व्यवहाराच्या एकमेव फोनवर हा प्रयोग करू नये. कपाटात पडलेला जुना फोन त्यासाठी उत्तम. तेवढेही नको असेल, तर २०१० पासून चालू असलेल्या ‘एफ-ड्रॉइड’ या मुक्त ॲपच्या भांडारापासून आरंभ करता येईल.

भौतिकशास्त्रात एखाद्या निष्कर्षावर विश्वास ठेवायचा तो इतरांना तोच प्रयोग पुन्हा करून पाहता येतो म्हणून. ज्या यंत्रावर आपण पैसे, पत्रे आणि आप्तांची छायाचित्रे सोपवली आहेत, त्याला याहून सैल कसोटी लावण्याचे कारण नाही. तेव्हा एवढे करावे: घरात पडून असलेल्या जुन्या फोनचे नाव त्या यादीत आहे का, हे आज पाहावे. नसेल, तर पुढचा फोन निवडताना ती यादी आधी उघडावी.